कारखान्याच्या दारी राजा

१८ मे १९१७ रोजी इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी हे दोघे ग्रेटनाला गेले होते. स्कॉटलंडच्या सीमेवरचे हे गाव तोवर एकाच गोष्टीसाठी ठाऊक होते. आईबापांचा विरोध पत्करून पळालेली इंग्लिश जोडपी तिथे जाऊन लग्न लावत. पहिल्या महायुद्धाने या गावाची ओळख पार बदलून टाकली. १९१५ च्या मे महिन्यात ब्रिटिश तोफांना गोळे पुरत नाहीत अशी बोंब उठली, सरकार डळमळले, दारूगोळ्याचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि त्या मंत्रालयाने इथे कॉर्डाइटचा, म्हणजे गोळा नळीतून पुढे ढकलणाऱ्या स्फोटकाचा, कारखाना उभारला. त्याचा पसारा चौदा-पंधरा किलोमीटर लांब होता. १९१७ मध्ये तिथे साडेअकरा हजारांवर स्त्रिया आणि पाच हजारांच्या आसपास पुरुष कामाला होते. ज्या कारखान्यात राजा गेला तो मुख्यतः बायकांचा कारखाना होता, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

तिथले काम कसे होते? नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन एकत्र कालवून त्याचा लगदा करायचा. तो लगदा मोठमोठ्या कुंड्यांत मुली हातांनी मळत. आपल्याकडे बायका परातीत कणीक मळतात तसा. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल १९१६ मध्ये हा कारखाना पाहायला गेले आणि त्या लगद्याला त्यांनी ‘सैतानाची लापशी’ असे नाव दिले. ते नाव आजतागायत टिकून आहे. पाळीवर येताना महिला पोलीस प्रत्येकीची झडती घेत. काडेपेटी, सिगारेट तर नाहीच, पण केसांतली धातूची पिनही चालत नसे. घरचे कपडे बाहेर काढून ठेवायचे आणि कारखान्याचे घालून आत जायचे. दुसरीकडे, गोळ्यांत टीएनटी भरण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींची कातडी पिवळी पडत असे. लोक त्यांना पिवळ्या पक्ष्यावरून गमतीने ‘कॅनरी’ म्हणत. गंमत म्हणणाऱ्यांची होती. कावीळ होऊन त्यांतल्या काहीजणी दगावल्या.

अशा ठिकाणी राजाने का जावे? शिष्टाचार म्हणून, असे उत्तर सोपे आहे. पण १९१७ चे कॅलेंडर उघडून ठेवले की ते पुरेसे वाटत नाही.

त्या वर्षी रशियाची राजधानी पेट्रोग्राड इथल्या पुतिलोव्ह कारखान्याला टाळे लागले, कामगार रस्त्यावर आले, पावासाठी रांगा लावून थकलेल्या बायका त्यांना येऊन मिळाल्या आणि मार्चच्या मध्यास झार निकोलसने गादी सोडली. उठाव सुरू झाला तेव्हा झार राजधानीपासून दूर मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयात बसलेला होता. तो पाचव्या जॉर्जचा सख्खा मावसभाऊ. दोघे इतके सारखे दिसत की फोटोत लोकांची गल्लत होई. या मावसभावाला इंग्लंडात आसरा देण्याचे आधी ठरले. मग जॉर्जच्याच दरबारातून नकाराचा लकडा लागला आणि बेत बारगळला. एप्रिलच्या अखेरीस लँकेशायरमधल्या रॉचडेलला इंजिनिअरिंग कामगारांचा संप पेटला. महिन्याभरात सुमारे दोन लाख कामगार बाहेर पडले. त्या युद्धकाळातला ब्रिटनमधला हा सर्वांत मोठा संप. मजुरांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. १९१५ च्या दारूगोळा कायद्याने संपावर बंदी आली होती, आणि मालकाचा दाखला घेतल्याशिवाय नोकरी बदलताही येत नव्हती. दाखला न घेता दुसरीकडे गेलात तर सहा आठवडे कोणी कामावर ठेवायचे नाही, असा दंडक होता.

नेमक्या त्याच मे महिन्यात राजाराणीचा उत्तर इंग्लंडातला औद्योगिक दौरा निघाला. संप धुमसत असलेल्या लँकेशायरातून, बॅरोच्या गोदीवरून तो ग्रेटनाला पोचला. त्याच दिवसांत संपाच्या पुढाऱ्यांना अटक झाली. एका बाजूने हस्तांदोलन आणि दुसऱ्या बाजूने वॉरंट. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते एकाच कामाचे दोन भाग होते. पुढे ४ जूनला ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ या नव्या सन्मानाची घोषणा झाली. त्यासोबत निघालेले पदक कारखान्यातल्या साध्या मुलींनाही मिळाले, स्फोटाच्या वेळी दाखवलेल्या धैर्याबद्दल. दरबारी सन्मान आता इतक्या खालच्या पायरीपर्यंत पोचला. १७ जुलैला राजघराण्याने आपले जर्मन आडनाव टाकून विंडसर हे नाव घेतले. मार्च ते जुलै या पाच महिन्यांत एका राजघराण्याने आपला सगळा संसार नव्याने मांडला, आणि ग्रेटनाची भेट त्याच मांडणीतली आहे. राजाला कामगारांची गरज पडली होती आणि ती त्याला वेळेवर कळली, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

कळण्याची ही प्रक्रिया तशी आधीच सुरू झाली होती, आणि तिची पहिली पायरी जरा विनोदी आहे. १९१५ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी जाहीर केले की कामगारांच्या दारूबाजीमुळे उत्पादन बसते आहे. राजाने कर्तव्य म्हणून एप्रिलमध्ये शपथ घेतली की युद्ध संपेपर्यंत राजवाड्यात मद्याला बंदी. देशाने हा कित्ता गिरवावा अशी अपेक्षा होती. पार्लमेंटने गिरवला नाही, पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी तर नाहीच, आणि कामगारांनी गिरवण्याचे काही कारण नव्हते. राजा मात्र अडकला. शेवटी सरकारने ग्रेटना आणि शेजारच्या कार्लाइल परिसरातले गुत्तेच विकत घेऊन आपल्या ताब्यात आणले. ते पुढे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकानंतरही सरकारी मालकीचे राहिले. राजाच्या त्यागाने जे साधले नाही ते सरकारी खात्याने साधले.

भेटींचा सपाटा मात्र थांबला नाही. चार वर्षांत पाचव्या जॉर्जने कारखाने आणि गोद्या मिळून सुमारे तीनशे भेटी दिल्या, असा राजघराण्याचाच हिशेब आहे. माणूस बोलका नव्हता. टपाल तिकिटे जमवावीत, पक्षी मारावेत, वेळेवर झोपावे, असा त्याचा स्वभाव. पण यंत्रापाशी थांबून, हे काय, किती तास काम करतेस, घरी कोण आहे, एवढे विचारायला वक्तृत्व लागत नाही. राणी मेरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात बेकार झालेल्या स्त्रियांसाठी तिने निधी उभारला तेव्हा ज्या समितीमार्फत तो खर्च झाला तिची चिटणीस होती मेरी मॅकआर्थर. मॅकआर्थर ही स्त्री कामगारांची झुंजार पुढारी, साखळ्या घडवणाऱ्या बायकांचा १९१० चा लढा जिंकलेली. राणीने तिला बोलावले, ती गेली, आणि दोघींचे जमले. घासाघीस कशाची करायची हे मॅकआर्थरला पक्के ठाऊक होते.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. १० सप्टेंबर १९१८ रोजी जर्मन कैसर दुसरा विल्हेल्म एसेनला क्रुपच्या पोलाद कारखान्यात गेला. पश्चिम आघाडी ऑगस्टपासून मागे हटत होती आणि घरी लोक अर्धपोटी दिवस काढत होते. कैसर बोलला, बराच वेळ बोलला. देव, कर्तव्य, शत्रूच्या अफवा असे सगळे आले. अखेरपर्यंत लढायचा निर्धार असेल त्यांनी ‘हो’ म्हणावे, असे त्याने जमलेल्या कामगारांना आवाहन केले. वर्तमानपत्रांत छापून आलेल्या वृत्तांतात दणदणीत ‘हो’ आहे. पुढे निघालेल्या आठवणींत मात्र सभा थंड गेल्याच्या नोंदी आहेत. दोन महिन्यांनी, ९ नोव्हेंबरला, त्याचे राज्य संपले आणि दुसऱ्या दिवशी तो हॉलंडच्या हद्दीत शिरला. चार वर्षे ज्याने सैन्याच्या मुख्यालयाबाहेरचे जग फारसे पाहिले नाही, तो बुडायला लागल्यावर भट्टीपाशी आला. अडला हरी म्हणतात तो हाच, फक्त पाय धरायला त्याला उशीर झाला होता.

दोन्ही राजे एकाच वृक्षाच्या फांद्या. कैसर विक्टोरियाचा नातू, जॉर्जही नातू. एकाची गादी राहिली, एकाची गेली. याचे सारे श्रेय कारखान्यांच्या भेटींना देणे बालिशपणाचे ठरेल. जर्मनी हरला आणि ब्रिटन जिंकला, हे त्यातले मोठे कारण. पण शस्त्रसंधीनंतरच्या आठवड्यात पाचवा जॉर्ज उघड्या गाडीतून लंडनच्या गरीब वस्त्यांमधून दिवसामागून दिवस फिरू शकला, ते त्या वस्त्यांना तो चेहरा सवयीचा झाला होता म्हणूनही.

हा धडा त्याच्या दुसऱ्या मुलाने नीट गिरवला. सहावा जॉर्ज गादीवर येण्याच्या कितीतरी आधी, १९१९ पासून, कारखान्यांतल्या कामगार कल्याणासाठी निघालेल्या एका संस्थेचा अध्यक्ष होता. लाल गालिचे घालणार नसाल तर येतो, अशी त्याची अट असल्याचे सांगतात. घरची मंडळी त्याला ‘फोरमन’ म्हणून चिडवत. बोलताना अडखळणाऱ्या या माणसाला व्यासपीठापेक्षा लेथ बरा वाटत असावा. भाषण करावे लागत नाही, आणि यंत्राच्या आवाजात कोणाचेच बोलणे नीट ऐकू येत नाही. दुसरे महायुद्ध आले तेव्हा हीच त्याची शिदोरी होती. तरीही सुरुवात गोड झाली नाही. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या पूर्व भागावर बाँब पडू लागले, तेव्हा तिथे गेलेल्या राजाराणीची लोकांनी हुर्यो उडवल्याचे कानावर आल्याची नोंद खासदार हॅरल्ड निकल्सन यांच्या रोजनिशीत आहे. १३ सप्टेंबरला बकिंगहॅम राजवाड्यावरच बाँब पडले आणि हवा बदलली. १४ नोव्हेंबरच्या रात्री कॉव्हेंट्री हे मोटारी आणि विमानांची इंजिने बनवणारे शहर जळाले. दोन दिवसांत राजा त्या ढिगाऱ्यांतून चालत होता.

त्या काळच्या वर्तमानपत्रांत अशा भेटींचे फोटो येत, पण ठिकाण छापत नसत. ‘उत्तरेतल्या एका कारखान्यात’ एवढेच. शत्रूला पत्ता कळू नये हे कारण योग्यच होते. पण त्यामुळे फोटोतला कारखाना कुठलाही होई, कामगारही कुठलाही होई, नाव उरे ते फक्त राजाराणीचे. पहिल्या युद्धात हेच अधिक क्रूरपणे घडले. ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री लीड्सजवळ बार्नबो इथल्या गोळे भरण्याच्या कारखान्यात स्फोट होऊन ३५ बायका ठार झाल्या. युद्ध संपून बराच काळ जाईपर्यंत ही बातमी दडवून ठेवली गेली. कारखाना त्या रात्रीही चालूच राहिला, आणि ज्या खोलीत हे घडले तिथे काम करायला दुसऱ्या मुली लगेच पुढे आल्या. राजाने कोणत्या यंत्रापाशी थांबून काय विचारले ते पेपरात छापून येई. बार्नबोच्या ३५ नावांना मात्र सेन्सॉरची कात्री.

भेटीआधीची सजावट हा विषय आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मंत्री येणार म्हटले की रातोरात खड्डे बुजतात, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासला जातो आणि बंद पडलेला पंखा गरगर फिरू लागतो. राजांच्या नशिबी तर आयुष्यभर ताज्या रंगाचाच वास. याविषयीची एक गोष्ट सांगतात ती खरोखर मासलेवाईक आहे. १९४५ मध्ये सहाव्या जॉर्जची मुलगी युवराज्ञी एलिझाबेथ लष्कराच्या महिला दलात मोटार दुरुस्ती शिकत होती. वय अठरा-एकोणीस, हाताला ग्रीस. एक दिवस तिची आत्या शिबिर पाहायला येणार असे ठरले. सगळे जण दिवसभर घासूनपुसून लखलखीत करण्याच्या मागे लागले, तीही लागली. आणि मग तिच्या ध्यानात आले की आईबाबा कुठेही जातात तेव्हा आधी हे असे चालते. जिच्यापुढे सत्तर वर्षे घासलेल्या फरशा यायच्या होत्या, तिला एकदा तरी फरशी घासणाऱ्यांच्या बाजूला उभे राहायला मिळाले.

इथवरचे सगळे ब्रिटनच्या भूमीवरचे. पण सहावा जॉर्ज हिंदुस्थानचाही बादशहा होता, आणि त्याच्या युद्धासाठी इथलेही कारखाने रात्रंदिवस चालत होते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. मुंबईच्या गिरण्या खाकी कापडाचे तागे विणत होत्या. हा बादशहा मात्र गादीवर असताना हिंदुस्थानात एकदाही आला नाही, ना युद्धाआधी ना नंतर. लंडनच्या कामगाराला जी दोन मिनिटे मिळाली ती खडकीच्या कामगाराला मिळाली नाहीत, आणि मिळावीत अशी मागणी कोणी केल्याचेही दिसत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कामगारांनी सुमारे दोन आठवडे भट्ट्या थंड ठेवल्या. मागणी पगाराची नव्हती, राष्ट्रीय सरकारची होती.

राजा आला नाही, पण सरकारातला एक माणूस गेला, आणि तो आपला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जुलै १९४२ पासून मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद-झरियाच्या कोळसा खाणींत गेले. सोबत कामगार कल्याण सल्लागार म्हणून आर. एस. निंबकर होते. मुंबईच्या गिरणी संपांत तापलेले आणि मीरत खटल्यात आरोपी म्हणून उभे राहिलेले निंबकर आता सरकारी सल्लागार, हाही काळाचा महिमा. बाबासाहेब वरच्या कचेरीत चहा घेऊन परतले नाहीत. ते खाणीत खाली उतरले, कोळसा कसा फोडतात ते पाहिले, मजुरांच्या खोल्यांत डोकावले, मिळकतीची चौकशी केली. महिना-दीड महिन्यात, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्यातून दवाखाने, पाणी, घरे यांसाठी खाणीतून निघणाऱ्या कोळशावरच उपकर बसला.

मात्र ही गोष्ट इथेच थांबवून टाळी घेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये ती उठवली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावरून सरकारवर टीकेची झोड उठली, आणि त्या निर्णयाचे समर्थन करायला मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनाच उभे राहावे लागले. ही तात्पुरती निकड आहे, असे त्यांनी सांगितले. आणि तिथे स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळते, हा मुद्दा आवर्जून मांडला. ग्लासगोजवळ हिलिंग्टनच्या रोल्स-रॉइस कारखान्यातल्या बायकांना याच समान वेतनासाठी काही महिन्यांपूर्वी संप करावा लागला होता, हे पाहता तो मुद्दा पोकळ नव्हता. तरी जमिनीखालच्या काळोखात त्या बायका गेल्याच. बंदी पुन्हा लागू व्हायला फेब्रुवारी १९४६ उजाडावा लागला. भेट दिलेल्या माणसाचे हात भेटीनंतरही बांधलेले असतात. राजाचे घटनेने, मंत्र्याचे मंत्रिमंडळाने.

आज पुन्हा युद्धांचे दिवस आहेत आणि नेत्यांची पावले पुन्हा कारखान्यांकडे वळली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की अमेरिकेत उतरले ते आधी पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या दारूगोळा कारखान्यात गेले. १५५ मिलिमीटरचे गोळे बनवणाऱ्यांचे आभार मानायला परक्या देशाचा अध्यक्ष येतो, हे पाचव्या जॉर्जलाही सुचले नसते. तिकडे उत्तर कोरियात घराण्याची तिसरी पिढी गादीवर आहे. किम जोंग उन क्षेपणास्त्रांच्या कारखान्यांतून फिरतात आणि भोवतीचे अधिकारी वह्या उघडून त्यांचा शब्दन्‌शब्द टिपून घेतात. त्या फोटोंत कामगार अभावानेच दिसतो.

आपल्या महाराष्ट्रात खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती अशा ठिकाणी दारूगोळा आणि शस्त्रसामग्रीचे सरकारी कारखाने आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगरमध्ये स्फोट होऊन छत कोसळले आणि किमान आठ जण मृत्युमुखी पडले. चार दिवस बातमी चालली, मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशी लागली. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर धुमश्चक्री झाली तेव्हा आपण ड्रोन आणि क्षेपणास्त्रांची नावे पाठ केली. ती कोण भरतो, कोणत्या पाळीत भरतो, त्यातले कायम किती आणि कंत्राटी किती, हे विचारायचे आपल्याला सुचले नाही.

आमची सूचना साधी आहे. यापुढे जो कोणी मंत्री या कारखान्यांत जाईल त्याने गालिच्याच्या वाटेने न जाता भरणा विभागातून जावे, कंत्राटी कामगारांच्या उपाहारगृहात जेवावे आणि परतताना शेवटच्या अपघाताचा चौकशी अहवाल मागून घ्यावा. तो अहवाल विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या पटलावर कधी येणार, ती तारीख कारखान्याच्या फाटकापाशीच पत्रकारांना सांगावी. फोटो त्यानंतर काढले तरी चालतील.